खडपामागचं पाणी

अण्णा,

गेल्या रविवारी धाकट्याकडे सगळे जमले होते. जेवणं झाली, ताटं उचलायची राहिली होती, आणि त्याने नातवंडांना पुन्हा तुमची ती गोष्ट सांगायला घेतली. "आमचे अण्णा म्हणजे काय! समुद्राला वेळापत्रक लावून दिलं होतं त्यांनी. पण समुद्र घंटा व्हायच्या आधीच वर्गात येऊन बसला." सगळे हसले. मीही हसले. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. आईचा ओला खांदा आणि तिच्या केसांतून गळणारं पाणी एवढंच त्याला खरं आठवतं, बाकीचं त्याने ऐकून ऐकून जमवलेलं आहे. पण सांगतो असं, की जणू काठावर उभं राहून सगळं पाहत होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू सांग ना पुढचं. तू मोठी होतीस, तुला जास्त आठवत असेल." मी म्हटलं, "मला आता फारसं आठवत नाही रे," आणि ताटं घेऊन आत गेले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरताना उठते, दारापर्यंत जाते, कशासाठी आले ते आठवत नाही म्हणून परत येते. काल देवासमोर दिवा लावायला गेले आणि काडेपेटी हातात धरून नुसती उभी राहिले. शेवटी म्हटलं, लिहून टाकावं. तुम्ही शिकवायचात की उत्तर आधी एका वाक्यात लिहावं, स्पष्टीकरण मागून. तर एका वाक्यात असं आहे, की त्या दिवशी पाणी सगळ्यांत आधी मी पाहिलं होतं. तुमच्या आधी, आईच्या आधी, मावशीने हाका मारल्या त्याच्याही आधी. पाहिलं आणि सांगितलं नाही. हे तुम्हाला कधीच कळलं नाही, निदान माझ्या तोंडून तरी नाही. का सांगितलं नाही, ते मात्र मला एका वाक्यात लिहिता येत नाही.

आपण डहाणूजवळ समुद्रकाठी चिखल्याला गेलो ते त्या कोळीण मावशीमुळे. तलासरीच्या बाजाराला ती सुके बोंबील घेऊन यायची, आणि बाजार उठला की परतीची गाडी मिळेपर्यंत तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात टोपली ठेवून बसायची. दुसऱ्या गुरुजींनी एकदा वासाची तक्रार केली. तुम्ही म्हणालात, "भूगोलात मासेमारी शिकवायची आणि मासा दारात आला की नाक धरायचं, हे कसं?" तिचा मुलगा मुंबईला गोदीत होता, त्याला तिची पत्रं तुम्ही लिहून द्यायचात. एकदा पत्र सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तर, पोरांना एवढं दर्याचं शिकवता, सोताची पोरं कवा दर्यावर नेलीत काय? या की आमच्याकडं. ओटी रिकामीच हाय." तुम्ही हसलात, पण ते तुम्हाला लागलं असणार, कारण घाटावरच्या माणसाला समुद्र म्हणजे काय हो, तुम्हीही तो कामानिमित्त दोन-तीनदा डहाणूला गेला होतात तेव्हाच काय तो बघितलेला. त्याच आठवड्यात तुम्ही घरी जाहीर केलं की मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस चिखल्याला जायचं. आईने विचारलं, "आणि मी तिथे खायचं काय?" तुम्ही म्हणालात, "समुद्र बघायला मासे खावेच लागतात असा कुठे नियम आहे?" आईने पीठ, डाळ, तवा आणि वातींचा स्टोव्ह असं सगळं एका ट्रंकेत बांधलं. हे अठ्ठावन्न सालचं. मी चौदा वर्षांची होते आणि नुकतीच सातवीची परीक्षा पास झाले होते. त्याबद्दल तुम्ही मला पितळी दांड्याचं एक भिंग दिलं होतं. ते मी वाटभर हातात घट्ट धरून होते.

कासाला गाडी बदलून डहाणू, आणि तिथून बैलगाडी. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, केवड्याची कुंपणं, मध्येच ताडांची रांग, आणि मग एकदम उजेड वाढला. धाकटा म्हणाला, "पुढे काहीच नाही!" समुद्र तेव्हा इतका लांब गेलेला होता की नुसती ओली वाळूच दिसत होती. गाडीवाला हसून म्हणाला, "हाय तो तिथंच. गेलाय फिराया. येल रातच्याला."

मावशीचं घर कुडाचं, सारवलेलं. अंगणात बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील लटकत असायचे. आईने पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला तेव्हा मावशी म्हणाली, "बाय, दोन दिस थांबा. वास निघून जात नाय, आपलं नाकच थकतं." आणि खरंच तिसऱ्या दिवशी आई त्या दांड्यांखाली बसून तिच्याशी गप्पा मारत तांदूळ निवडत होती. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागला होता. सकाळी चहा झाला की वही, पेन्सिल आणि आम्ही दोघं. चिखलात उड्या मारणारे निवटे, एका पायावर उभे असलेले बगळे, तिवरांची जमिनीतून वर आलेली मुळं. तुम्ही प्रत्येक गोष्टीपाशी थांबायचात, आम्हाला विचारायचात, आणि मग वहीत लिहायचात. मला ते फार आवडायचं, अण्णा. वर्गात तुम्ही चाळीस जणांचे होता. तिथे तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत उकिडवे बसलेले असायचात आणि माझ्या भिंगातून बघायचात.

तिसऱ्या दिवसाचं मला लिहायलाच हवं. मी वाळूवर एक शंख चालताना पाहिला. खरोखर चालत होता, तिरका तिरका. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही मावशीच्या अंगणात चार-पाच माणसांना ग्रहण कसं लागतं ते समजावून सांगत होता. मी म्हटलं, "अण्णा, शंखाला पाय असतात!" माणसं हसली. तुम्हीही आधी हसलात, आणि मग तुमचा चेहरा वर्गातला झाला. "शंखाला पाय? सातवी पास झालीस ना तू? पुरती खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, किती वेळा सांगितलंय?" मी म्हटलं, "मी पाहिलं." तुम्ही म्हणालात, "पाहणं आणि तपासणं यांत फरक आहे. जा, आत जा." मी आत गेले. संध्याकाळी मावशीने करवंटीतून तसले दोन शंख आणून तुमच्यासमोर ठेवले. थोडा वेळ गेला आणि दोन्हींतून बारीक पाय बाहेर आले. ती म्हणाली, "खेकडाच हाय मास्तर, पण भाड्याच्या घरात ऱ्हातो." तुम्ही वाकून पाहिलंत, वही उघडलीत, लिहून घेतलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं, आता म्हणाल, आता म्हणाल. तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत आणि हात धुवायला गेलात.

किनाऱ्यापासून अर्धा मैल आत काळ्या दगडांचा एक उंचवटा होता. गावातली माणसं त्याला नुसतं खडप म्हणत. ओहोटीला तिथे चालत जाता यायचं आणि भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असायचं. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही धाकट्याला विचारलं होतं, "चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे काय?" तो ओरडला होता, "बेट!" तेव्हापासून आपल्यात ते बेटच झालं. जायचं कधी, एवढंच ठरायचं होतं. कोकणातल्या कुणीतरी तुम्हाला तिथीचा हिशेब सांगितलेला होता, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चौथी तिथी म्हणजे तीन वाजता भरती, सहा तास मागे गेलं की नऊला पूर्ण ओहोटी. तुम्ही हे मावशीला सांगितलंत आणि ती म्हणाली, "बरोबर हाय. चतुर्थीला तीनाचीच भरती." तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही आईलाही हाक मारून सांगितलंत. मावशी पुढे म्हणाली, "आमी बायका कालवं फोडाया जातो तितं. आमच्यासंगं या नि आमी उठलो का उठा." तुम्ही मनगट दाखवून म्हणालात, "घड्याळ आहे ना मावशी. अकराला निघू. तीनची भरती, अकराला किती पाणी येणार?" ती बोंबील उलटायला लागली. मास्तरांना दोनदा सांगायची तिची पद्धत नव्हती.

त्या दिवशी आईची संकष्टी होती. तिने फडक्यात आमच्यासाठी दशम्या बांधून घेतल्या आणि स्वतःसाठी शेंगदाण्याचे दोन लाडू. सव्वाआठला आपण निघालो. वाळू कडक, पाय भाजत नव्हते अजून. मध्ये एका ठिकाणी जमीन किंचित खोल होती, तिथे घोट्याएवढं पाणी साचलेलं होतं. धाकट्याने त्यात उड्या मारून माझा परकर भिजवला. तुम्ही त्या पाण्याबद्दल काही बोलला नाहीत. मीही त्याचा विचार केला नाही. पलीकडे खडपावर बायका दगडांना चिकटलेली कालवं कोयतीने फोडत होत्या, ठक ठक असा आवाज येत होता. आपण त्यांना ओलांडून पार पुढच्या टोकाला गेलो, जिथून उघडा समुद्र दिसत होता. तुम्ही एका दगडावर खडूने आडवी रेघ ओढलीत आणि आम्हाला सांगितलंत, "ही आपली खूण. पाणी इथे आलं की बेट सोडायचं. तोपर्यंत राज्य आपलं."

तुम्हाला मी त्या सकाळइतकं आनंदात कधीच पाहिलं नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. हे मी का लिहिते आहे? कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आले. अण्णा आनंदात होते, मला तो मोडवला नाही. खरं आहे ते. दगडांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात फुलांसारखे जीव होते, बोट लावलं की मिटायचे. तुम्ही धाकट्याचं बोट धरून त्याला हळूच लावायला शिकवत होता. आई एका दगडावर बसून हसत होती, तिचे पाय पाण्यात होते. पण हे कारण मनाला सांगूनही मला झोप लागत नाही. त्यावरूनच कळतं की ते पुरतं खरं नाही.

दहाच्या सुमाराला बायका उठल्या. मावशी लांबून म्हणाली, "मास्तर, आमी चाललो!" तुम्ही हात हलवलात. मी भिंग घेऊन मागच्या बाजूला आले होते, किनाऱ्याकडच्या बाजूला. तिथे वाळू होती आणि मला एकटीला शंख शोधायचे होते. बायका त्या खोलगट भागातून गेल्या तेव्हा त्यांनी लुगडी गुडघ्यांवर उचलली, हे मी पाहिलं. येताना तिथे घोट्याएवढं पाणी होतं. मी खाली उतरून बघितलं. पाणी साचलेलं नव्हतं, चालत होतं. दोन्ही बाजूंनी, खडपाला वळसा घालून, ते आपल्या आणि किनाऱ्याच्या मधल्या खोलगट जागेत भरत होतं. काठावर एक फुटकं कालव पडलेलं होतं, त्यावर पाणी चढलं. मग त्याच्या वरच्या कालवावर. मी बसून राहिले. वरून तुमचा आवाज येत होता, "बघ हं, आपली खूण किती कोरडी आहे. अजून पुष्कळ वेळ आहे." धाकटा म्हणाला, "अण्णा, समुद्र घाबरला आपल्याला?" तुम्ही म्हणालात, "समुद्र घाबरत नाही आणि घाबरवत नाही. तो नियमाने चालतो." मी खालून ते सगळं ऐकत होते. पाणी तिसऱ्या कालवापर्यंत आलं.

किती वेळ बसले, मला नक्की सांगता येत नाही. वीस मिनिटं तरी झाली असतील.

मग मावशीची हाक आली. ती किनाऱ्यावरून परत फिरून त्या पाण्यापर्यंत आली होती, तिच्याबरोबर आणखी एक बाई. "ओ मास्तर! निघा! पाणी भरलं!" मी वर धावले. तुम्ही ओरडून उत्तर देत होता, "अजून अर्धा तास आहे! माझी खूण कोरडी आहे!" मावशी म्हणाली, "खूण घाला चुलीत! तिकडं काय बघता? त्यो पुढच्या दारानं नाय येत, चोरासारका पाठनं येतो! मागं बघा!" आई उभी राहिली आणि तिने मागे पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "अहो, मागे बघा." तुम्ही आधी घड्याळाकडे पाहिलंत, मग खुणेकडे, आणि मग मागे. हे मी तुमच्या जवळ उभी राहून पाहत होते. तुमचा चेहरा एकदम लहान झाला. तुम्ही म्हणालात, "असं कसं? हे... थांबा, जरा बघू दे." आईने धाकट्याला उचलून खांद्यावर घेतलं. "बघायचं ते तिकडे जाऊन बघा," ती म्हणाली आणि उतरायला लागली. तिने तुम्हाला असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाणी आईच्या कमरेच्या वर होतं. दुसऱ्या बाईने तिचा दंड धरला. मावशीने मला धरलं आणि म्हणाली, "पाय उचलू नको गं पोरी. उचलला का गेलीस. घसटत चल, घसटत." पाणी जोरात ओढत नव्हतं, नुसतं सतत एका बाजूला ढकलत होतं. ते माझ्या छातीशी आलं. मी मागे पाहिलं तर तुम्ही वही डोक्यावर धरून येत होता आणि मोठी पावलं टाकत होता, जमिनीवर टाकतात तशी. मी ओरडले की पाय उचलू नका. ते तुम्हाला ऐकू गेलं का? तुम्ही गेलात खाली. आधी वही गेली, मग तुमचं डोकं. ती दुसरी बाई धाकट्याला आणि आईला पलीकडे पोचवून परत आली आणि तिने तुम्हाला सदऱ्याच्या गळ्याला धरून ओढत आणलं. किनाऱ्यावर तुम्ही गुडघ्यांवर बसून पाणी ओकलात. चष्मा नव्हता. बाकीच्या बायका टोपल्या ठेवून गोलाने उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. मला वाटतं हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आईने लुगड्याचा पदर पिळला, धाकट्याचं डोकं पुसलं आणि सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाली, "यापुढे पोरांना कुठे न्यायचं असेल तर आधी मला विचारायचं." तुम्ही म्हणालात, "हो." एवढंच. मग मावशी पुढे झाली. "चला हो, चा करते. दर्यानं चष्मा घेतला, माणूस ठेवला. मोप झालं."

दुसऱ्या दिवशी आपण निघालो, तीन दिवस आधीच. आणि आपण पोचायच्या आधी गोष्ट तलासरीला पोचली होती. दुसरे गुरुजी तुम्हाला रोज विचारायचे, "काय मास्तर, आज भरती कितीची?" सुरुवातीला तुम्ही तिथी सांगायचात आणि हसायचात. पुढे पुढे नुसतं हसायचात. जूनमध्ये शाळा सुरू झाली. भरती-ओहोटीचा पाठ आला तेव्हा तुम्ही मुलांना म्हणालात, "हा घरी वाचून घ्या," आणि पान उलटलंत. हे मला सातवीतल्या एका मुलीने सांगितलं. दरवर्षी तुम्ही फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि बाण काढून तो पाठ दोन दिवस शिकवायचात. त्यानंतर तो तुम्ही कधीच शिकवला नाहीत. तुम्हाला समुद्राचं भय वाटत नव्हतं, हे मला माहीत आहे. आपल्याला जे येतं असं वाटतं ते आपल्याला येत नाही, याचं भय होतं. घरातही तुम्ही विचारून वागायला लागलात. आई चिडायची: "आता हेही मला विचारायचं? भाजी कुठली आणू ते?" तिला पुढे पुढे त्या वाक्याचा पश्चात्ताप झाला असणार. पण आपल्याकडे एकदा बोललेलं वाक्य परत घ्यायची रीत कुणालाच नव्हती.

आणि चष्म्याचे ते दिवस. नवीन चष्मा मुंबईहून यायला महिना लागला. तोपर्यंत संध्याकाळी मी तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, तुम्ही खाटेवर डोळे मिटून ऐकायचात. एकदा मी पान उलटत होते आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "तू त्या दिवशी मागच्या बाजूला होतीस ना?" मी म्हटलं, "हो." "तिथून काही दिसलं नाही?" आई चुलीपाशी होती, धाकटा अंगणात होता. मला अजून त्या वर्तमानपत्राची शाई बोटांना लागलेली आठवते. मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "तुझी नजर चांगली आहे. तुला नाही दिसलं, तर ते दिसण्यासारखं नव्हतंच." मग म्हणालात, "वाच पुढचं." मी वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

या उत्तराचं मी काय करू, अण्णा? कधी वाटतं, माझ्या खोटं बोलण्याने तुम्हाला थोडा आधार मिळाला. कधी वाटतं, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सोडवलंत. आठ वर्षांनी तुम्ही गेलात, एका दुपारी, कुणाला न सांगता, खुर्चीतच. त्या आठ वर्षांत आपण दोघं किती वेळा एकटे होतो याची मी मोजदाद केली आहे, म्हणजे करायला बसते आणि सोडून देते. मी ट्रेनिंगला गेले तेव्हा स्टेशनवर तुम्ही होता. मला पहिली नेमणूक मिळाली तेव्हा तुम्ही माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसला होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी पुढे छत्तीस वर्षं शिकवलं. भरतीच्या पाठाला मी मुलांना शाळेमागच्या मैदानात नेऊन, मध्ये वीट ठेवून, बादलीने पाणी ओतून दाखवायचे की पाणी सखल जागा आधी भरतं, उंचवट्याच्या मागूनही येतं. मुलं म्हणायची, बाई, तुम्ही हे कुठे शिकलात? मी म्हणायचे, वडिलांकडून.

वर मी लिहिलं आहे की तुम्ही आनंदात होता म्हणून मी बोलले नाही. खोडत नाही, राहू दे. दुसरं एक कारणही माझ्याकडे तयार असायचं, की तुम्हीच सांगितलं होतं, पुरती खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि मी खात्री करत होते. हे कारण मला फार वर्षं पुरलं, कारण त्यात दोष तुमच्याकडे जातो. पण पहिल्या कालवावर पाणी चढलं तेव्हाच माझी खात्री झाली होती. बायकांची लुगडी उचललेली पाहिली होती. सातवी पास झालेली मुलगी होते मी. मग मी तिथे बसून काय करत होते? तुम्ही वर धाकट्याला खूण दाखवत होता आणि मी खाली बसून ऐकत होते की तुम्ही चुकताय. तुमच्या प्रत्येक वाक्याला मला आतून बरं वाटत होतं. शंखाच्या दिवशी मला आत पाठवलंत ना, तर मला वाटत होतं, होऊ दे. थोडं अजून होऊ दे. सगळ्यांसमोर होऊ दे. पाणी कमरेपर्यंत येतं आणि माणूस त्यात जातो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणू शकते. पण ते पूर्ण खरं असेल का, याची खात्री नाही.

हे पत्र धाकट्याला दाखवणार नाही. उद्या त्याला फोन करून एवढं मात्र सांगणार आहे, की गोष्ट सांगशील तेव्हा अण्णांना हसू नकोस, पाणी मी आधी पाहिलं होतं आणि सांगायचं राहून गेलं. तो विचारेल, का गं ताई? मी म्हणेन, लहान होते, घाबरले. मला माझी सवय माहीत आहे, अण्णा. तेवढंच म्हणेन.